आबा पाटील पहिल्यांदा वारले तो रविवार

"उद्धवराव, ह्या हाताला डोळं हायेत, डोळं! अंधारात बसवा, डोळ्याला फडकं बांधा, तुमच्या मिशीचा एक केस इकडचा तिकडं झाला तर चिमाजी नाव सांगनार न्हाई!"

ही गर्जना पिंपरीच्या चिमाजी न्हाव्याची. त्याच दिवशी, सूर्य डोक्यावर यायच्या आत, नाव लपवून कुठं पळून जावं याचा तो विचार करत होता. ते कसं झालं, तेच सांगायचंय.

तेव्हाची पिंपरी फार वेगळी हो! आता तिथं रस्ता ओलांडायचा म्हणजे नवस बोलावा लागतो. तेव्हा मुंबई-पुणे रस्त्यावरून एक मोटार गेली की दुसरी येईपर्यंत बैलांचं रवंथ करून व्हायचं. माळावर सरकारचा औषधाचा कारखाना नुकताच उभा राहिला होता. त्याचा भोंगा झाला की कामगार आत जायचे आणि गावातल्या म्हाताऱ्या चुलीवर चहा चढवायच्या. दुसरी पंचवार्षिक योजना सुरू झाली होती आणि आता सगळं चांगलं होणार, असं खरोखरच सगळ्यांना वाटत होतं.

चिमाजीचं दुकान म्हणजे एक लिंबाचं झाड आणि काखेतली वस्तऱ्या-कात्रीची धोकटी. गिऱ्हाईक उकिडवं, त्याच्यासमोर चिमाजी उकिडवा. नाकाला नाक लागेल इतक्या जवळून दाढी चालायची आणि गावातल्या निम्म्या बातम्या त्या दोन नाकांच्या मधून जायच्या. सुगीला घरोघरचं बलुतं मिळायचं. पण कारखान्यातले साताऱ्या-नगराकडचे, कोकणातले बाबू झाडाखाली बसायला तयार नव्हते. ते रविवारी पार खडकीला जाऊन दाढी करून यायचे आणि गुळगुळीत गालांनी चिमाजीसमोरून परत जायचे. ते गाल बघून चिमाजीच्या काळजात कालवाकालव व्हायची.

अशात एका सकाळी मुरारी आणि कुसुम आले. दोघं चुलत भावंडं, पुण्यात कॉमर्स कॉलेजात. 'देश उभा करायचा तर एकेक लहान धंदेवाला उभा करा', असं सांगून प्रोफेसरांनी सगळा वर्ग गावोगाव पिटाळला होता. दापोडीच्या पुलापुढं मुरारीची सायकल पंक्चर झाली, ती ढकलत ढकलत दोघं लिंबाखाली टेकले आणि समोर लहान धंदेवाला आयताच सापडला.

चिमाजीनं आधी मुरारीच्या तोंडाकडं बघितलं. मिशी नव्हती. त्याला गलबलून आलं.

"वडील कवा गेलं?"

"वडील?" मुरारी म्हणाला. "ते पोस्टात आहेत."

"मग मिशी?"

"पुण्यात कुणी ठेवत नाही हो आता!"

चिमाजीनं दोन्ही कानांवर हात ठेवले. बाप जिता असताना पोरानं मिशी काढायची म्हणजे काय! गावात मिशी काढलेला माणूस दिसला की लोक डोक्याला टॉवेल गुंडाळून त्याच्या दारात बसायला निघायचे. विचारायचं कारणच नसायचं.

"ते असू दे," मुरारी म्हणाला. "आम्ही तुमचा धंदा मोठा करणार आहोत!"

"का? म्या काय केलंय तुमचं?"

पण कुसुमनं समजावून सांगितलं. पंचवार्षिक योजना आपल्याला झेपायची नाही, आपण पंचमासिक करू. पत्र्याची शेड. आरसा. खुर्ची. पाटी. चिमाजी ऐकत गेला आणि त्याला ते गुळगुळीत गाल दिसायला लागले.

शेडसाठी रस्त्याकडेची जागा आबा पाटलांची. आबा म्हणजे गावचं सगळ्यात जुनं खोड. ते म्हणाले, "घाल शेड. पन दिवाळीपतुर बगनार! गावाला तुझा काय ताप झाला, तर पत्रं काढून माज्या गोठ्यावर घालीन."

पत्रे आणायला भागूबाईनं, म्हणजे चिमाजीच्या बायकोनं, आपली दुभती म्हैस विकली. नवऱ्याला तिनं एवढंच सांगितलं, "ध्यानात ठिवा. शेड गेली तर माजी म्हस पाटलाच्या गोठ्यावर पत्रा हून बसंल. मला रोज बगाया लागंल." त्या दिवसापासून चिमाजीला ताक बघितलं तरी धडकी भरायची.

खुर्ची देहूरोडच्या छावणीतल्या लिलावातून आली. ती होती दाताच्या डॉक्टरची. पायाखालचा दांडा मारला की वर जायची. खाली मात्र ती आपल्या मर्जीनं यायची. आरसा पुण्याहून बैलगाडीत, गोधडीत गुंडाळून, बाळंतिणीसारखा सांभाळत आणला. कुसुमनं पाटी रंगवली, 'न्यू पिंपरी हेअर कटिंग सलून'. कारखान्याला सुट्टी म्हणून रविवार ठरला. फीत कापायला आबा हवे होते, पण ते शनिवारी कांदा घेऊन चाकणच्या बाजाराला गेले ते लेकीकडे मुक्कामाला राहिले. म्हणून मान आला त्यांच्या मुलाला, उद्धवरावांना. पहिलं गिऱ्हाईकही तेच.

उद्धवरावांची मिशी काय वर्णावी! पंगतीत आमटी वाढताना वाढपी आधी मिशी कुठवर आहे ते बघून मग वाटी सरकवायचा. फीत कापून झाली आणि चिमाजीनं ती डोळ्यांची गर्जना केली. उद्धवराव खुर्चीत रेलले. आदल्या रात्री कांद्याला पाणी देऊन बिचाऱ्याचं अंग आंबलं होतं. मान टेकवायला मिळाल्याबरोबर ते घोरायलाच लागले.

चिमाजी सवयीनं त्यांच्यासमोर गेला.

"समोर नाही, चिमाजीराव!" कुसुम ओरडली. "मागे उभं राहायचं. आरशात बघून काम करायचं. पुण्यात सगळे तसंच करतात."

आता बघा हं. चिमाजीनं सगळी हयात समोर बसून काम केलेलं. समोरच्याची उजवी ती आपली डावी, हे त्याच्या हाताला पाठ. आता आरशात चेहरा समोर, पण माणूस पाठमोरा! डोळे एक सांगायला लागले, हात दुसरंच करायला लागला. मिशीचं एक टोक किंचित लांब होतं. चिमाजीनं कात्री चालवली. लांब होतं ते तसंच राहिलं आणि आखूड होतं ते आणखी आखूड झालं!

"चुकलं वाटतं," मुरारी म्हणाला. "आता उजवीकडे घ्या."

"कुनाच्या उजवीकडं?"

"त्यांच्या!"

"आरशातल्या त्यांच्या का खुर्चीतल्या त्यांच्या?"

मुरारी विचारात पडला. कॉलेजात हे शिकवलं नव्हतं. त्यानं स्वतःचा हात वर करून बघितला, मग आरशाकडं बघितलं, मग कुसुमकडं. तोवर चिमाजीनं अंदाजानं एक कात्री मारली होती. मग ती बरोबर करायला दुसरी, दुसरी झाकायला तिसरी. मिशी दोन्ही अंगांनी आत आत सरकत नाकाखाली येऊन बसली. कपाळावरचा घाम चिमाजीच्या डोळ्यांत उतरला.

"ऱ्हाऊ द्या आता," तो कुजबुजला. "खालची कड वस्तऱ्यानं साफ करतो आन् उठिवतो."

त्यानं वस्तरा टेकवला. आणि त्याच क्षणी, कुणी हात न लावता, खुर्चीच्या मनात खाली यायचं आलं. खर्रर्र! वस्तरा होता तिथंच राहिला. मिशी खाली गेली.

निम्मी गेली, ती तर गेलीच. उरलेल्या निम्मीला ठेवून काय करणार? डोळे मिटून चिमाजीनं तीही उतरवली.

उद्धवराव जागे झाले. आरशात बघून म्हणाले, "हे पावनं कोन?" मग त्यांचा हात वर आला, ओठावर फिरला आणि फिरतच राहिला. ते रागावले नाहीत, ओरडले नाहीत. डोळ्यांतून घळाघळा पाणी मात्र वाहायला लागलं. फेट्याचा शेमला त्यांनी तोंडावर धरला आणि गावाकडं चालायला लागले.

"संपलं," चिमाजी म्हणाला. "गेली माजी म्हस!"

"काही नाही होत हो!" मुरारीनं धीर दिला. "पुण्यात निम्मं कॉलेज असं फिरतं. बघा, लोकांना आवडेल."

आणि काय सांगू, खरंच आवडलं! थोड्या वेळानं आबांचा पुतण्या रंगराव आला. गंभीर चेहऱ्यानं खुर्चीत बसला आणि म्हणाला, "काढ."

"काय काढू?"

"मिशी. पुरी."

"नक्की का, रंगराव?"

"उद्धवनं काढली न्हवं? मग आमी काय परकं हाय? भावकीतलं हाय आमी!"

मागून दुसरा आला, तिसरा आला. बाहेर भावकीची रांग लागली. सगळे खाली मान घालून, अगदी शिस्तीत! मुरारी हरखून गेला. "बघा चिमाजीराव, हीच खरी जाहिरात! गावातल्या मोठ्या माणसानं एकदा केलं की झालं!" रांगेत दोघेतिघे डोळे पुसत होते. "नवा साबण आहे, डोळ्यांना झोंबतो," असं मुरारीनंच परस्पर ठरवून टाकलं.

चिमाजीच्या मनात पाल चुकचुकली होती. पण माणसाला जे हवं असतं ते खरं मानायला त्याला फार वेळ लागत नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या दारात रांग लागली होती! आरशाला पाठ करून, पहिल्यासारखा समोर उभा राहून, तो सपासप मिश्या उतरवत सुटला. रंगरावानं खुर्ची सोडून धाकट्यांना पुढं बसवलं होतं; शेवटी त्याची पाळी आली, निम्मी झाली आणि तेवढ्यात रस्त्यानं भागूबाई पळत आली.

"आवं, वस्तरा ठिवा खाली! आबा पाटील गेलं!"

"कवा?"

"कुनाला ठावं! चाकणला गेलं ते तितंच गेलं म्हनं!"

"सांगितलं कुनी?"

"सांगाया कशाला पायजे? उद्धवरावाचं त्वांड बगितलं की समद्यांनी! मिशी न्हाई, डोळ्यात पानी! बायकूनं, तानाबाईनं, बगितलं आन् हंबरडाच फोडला. उद्धवराव म्हंत्यात, 'आगं बये, आबा जित्तं हाय!' पन कोन ऐकतंय? मानूस धक्क्यानं बडबडतंय म्हून लोकांनी त्यास्नी धरून निजिवलंय!"

चिमाजीच्या हातातला वस्तरा खाली पडला. आबांना देवानं नेलं नव्हतं, आजारानं नेलं नव्हतं. आबांना चिमाजीनं मारलं होतं!

"म्हंजी..." रंगराव खुर्चीतून हळूहळू उठला. एका बाजूला मिशी, दुसऱ्या बाजूला फेस. "म्हंजी आबा गेल्यालं न्हाईत?"

"न्हाई, रंगराव."

"मग माजी मिशी दे!"

झालं! भावकी उठली. कुणी चिमाजीची बाही धरली, कुणी मुरारीची. "तुज्या पुन्याला न्हे तुजी फ्याशन!" असं कुणीतरी मुरारीला म्हणत होतं आणि तो "माझं ऐका, माझं ऐका" म्हणत होता. कुसुम आरशाला पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभी होती. चिमाजीला काहीच दिसत नव्हतं. त्याला फक्त आबांचा गोठा दिसत होता आणि त्यावर नवे कोरे पत्रे.

आणि तेवढ्यात चाकणच्या अंगानं घुंगरं वाजली. बैलगाडी आली. गाडीत रिकामी पोती, पोत्यांवर आबा पाटील! लेकीनं दिलेल्या भुईमुगाच्या शेंगा फोडत, टुणटुणीत!

गर्दी बघून त्यांनी गाडी थांबवली. एकेका पुतण्याच्या तोंडावरून नजर फिरवली.

"काय रं, समदी शाळंतल्या पोरांवानी का दिसताय? कोन गेलं?"

सगळे एकमेकांच्या मागं सरकले.

"आरं सांगा की! कोन गेलं?"

शेवटी निम्म्या मिशीचा रंगराव पुढं झाला आणि खाली बघून म्हणाला, "तुमी, आबा."

आबांनी हातातली शेंग फोडली. दाणे तोंडात टाकले. चावले.

"कवा?"

"आज सकाळी."

"आन् मला कुनी कळिवलं न्हाई त्ये?"

चिमाजी गाडीच्या चाकापाशी आडवाच पडला आणि रडत रडत सगळं सांगून मोकळा झाला. आरसा, खुर्ची, आरशातले ते आणि खुर्चीतले ते. आबांनी ऐकून घेतलं. "चल घरी. तितं बगू," एवढंच म्हणाले. गाडी निघाली आणि मागून बिनमिशांची मिरवणूक.

घराजवळ आल्यावर आबांनी सगळ्यांना तोंडावर बोट ठेवून गप्प केलं आणि स्वतः गोठ्याच्या भिंतीआड उभे राहिले. आत त्यांची सून तानाबाई रडत होती. गेल्या शिमग्यापासून सासऱ्या-सुनेचं बोलणं बंद होतं, कशावरून ते दोघांनाही नीट आठवत नसावं. आणि आता ती रडत होती, "माज्या मामंजींवानी मानूस व्हनार न्हाई गं बाई! पिठलं अळणी झालं तरी गप खायचं गं! आता मी भाकरी कुनाला वाढू?"

आबा ऐकत राहिले. चिमाजी शेजारीच होता. त्यानं बघितलं, म्हातारा उपरण्यानं डोळे टिपत होता. पुरेसं ऐकून झाल्यावर आबा आत गेले आणि म्हणाले, "तानाबाई, मग वाढ की! भूक लागलीया."

आत काय किंकाळ्या झाल्या म्हणता! दोन बायांची दातखीळ बसली, भजनाला येऊन बसलेल्या एकाचे टाळ चुलीत पडले. तानाबाईनं मात्र पदर खोचला आणि रडता रडताच कडाडली, "आदी पाय धुवा! बाजारातनं आलायसा!"

उद्धवराव कणगीच्या मागं अंधारात तोंड झाकून बसले होते. आबा त्यांच्यापुढं जाऊन बसले.

"काढ शेमला."

"न्हाई, आबा."

"काढ म्हनतो ना!"

उद्धवरावांनी शेमला काढला. आता काय होतंय म्हणून चिमाजी दाराआड सरकला. आबा बघत राहिले. कितीतरी वेळ बघत राहिले. मग त्यांनी हात पुढं करून मुलाचा वरचा ओठ अंगठ्यानं पुसला, लहान पोराचा पुसावा तसा.

"हुबेहूब तुजी आय," ते म्हणाले. "मिशीखाली लपली व्हती का इतकी वर्सं! तिचा फोटू काढायचा ऱ्हाऊनच गेला बग. लई दिसांनी दिसली."

भागूबाईनं तोंडाला पदर लावला. मुरारीला काहीतरी बोलावंसं वाटत होतं, पण कुसुमनं त्याच्या पायावर पाय दिला.

आबा वळले. "चिम्या!"

"जी, आबा."

"पत्रं ऱ्हाऊ देत तुजं. पन एक ध्यानात ठिव. माजा खरा दिस येईल, तवा ह्या समद्या भावकीच्या मिश्या तूच काढायच्या. फुकाट. आज काढल्या त्या धरायच्या न्हाईत!"

"जी, आबा!" चिमाजीनं पायावर डोकंच घातलं.

अशी ती शेड वाचली. नुसती वाचली नाही, तिचं नाव झालं! जिच्यात बसलं की घरी जिता बाप मरतो, अशी खुर्ची बघायला आकुर्डी-देहूरोडचे लोक यायला लागले. कारखान्यातल्या बाबूंचं खडकीला जाणं बंद झालं. बघायला आलेले दाढी करून जायचे. दिवाळीला भागूबाईच्या दारात पुन्हा म्हैस बांधलेली होती, पहिलीपेक्षा काळीभोर. तिकडे कॉलेजात प्रोफेसरांनी विचारलं, "पहिल्या दिवशीचे ग्राहक परत आले का?" तेव्हा मुरारीनं खरं तेच सांगितलं, "मिशा आल्या की येतील, सर." त्याला पास केलं म्हणतात.

पुढं पिंपरी वाढतच गेली. कारखान्याशेजारी कारखाने आले, कांद्याच्या वावरांतून रस्ते गेले. सलूनमध्ये आणखी खुर्च्या आल्या, त्या सगळ्या चिमाजीनं जमिनीला घट्ट बसवून घेतल्या. आणि काही वर्षांनी, थंडीतल्या एका पहाटे, उद्धवराव शेडच्या दारात येऊन उभे राहिले. तोंडावर शेमला नव्हता.

"चिमा," ते म्हणाले, "आबा गेलं रं. झोपेतच गेलं."

चिमाजीनं खुर्चीकडं बघितलंसुद्धा नाही. त्यानं जुनी धोकटी काढली, उद्धवरावांचा हात धरला आणि त्यांना लिंबाखाली नेलं. दोघं उकिडवे बसले, समोरासमोर, नाकाला नाक लावून. आरसा नव्हता. दोघांचेही डोळे वाहत होते, तरी ह्या खेपेला चिमाजीचा हात जराही चुकला नाही.

उद्धवराव बिनमिशीनं गावातून परत निघाले. ओट्यावर चहा पीत बसलेले लोक हसायला लागले. "काय उद्धवराव, पुन्यांदा डोळा लागला व्हय खुर्चीत?" उद्धवराव सांगत होते, गाव हसत होतं.

चिमाजी दिलेला शब्द पाळायला वस्तरा पाजळून लिंबाखाली बसून राहिला. ऊन वर आलं तरी भावकीतलं कुणी फिरकेना. अखेर भागूबाई दारोदार जाऊन शपथा घालून आली, तेव्हा कुठं रंगराव आला. मिशीवर तळहात घट्ट दाबून, चार हात लांबच उभा राहिला.

"चिमा, तुज्यावर इस्वास न्हाई असं न्हाई," तो म्हणाला. "पन मी आदी आबाला डोळ्यानं बगून येतो. मग बसतो!"